टेन्शन खोलीतही असतं: पेठांमधल्या अभ्यासिकाचालकांना आणि मेसचालकांना खुलं पत्र

प्रति,
सदाशिव, नवी, नारायण आणि शनिवार पेठेतले सर्व अभ्यासिकाचालक व मेसचालक,
पुणे

विषय: स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींची तब्येत आणि तुमच्या हातात असलेल्या गोष्टी

सप्रेम नमस्कार.

परीक्षेच्या ताणाबद्दल बोलायचं झालं की सगळे उपदेश विद्यार्थ्यालाच होतात. प्राणायाम कर, मोबाईल बाजूला ठेव, लवकर झोप. ते चुकीचं नाही. पण जो मुलगा सकाळी सातला तुमच्या केबिनमध्ये बसतो, दुपारी तुमच्या ताटावर जेवतो आणि रात्री अकराला तुमच्याच जिन्यावरून उतरतो, त्याच्या दिवसातले बारा-चौदा तास तुमच्या हवेत, तुमच्या उजेडात आणि तुमच्या पाण्यावर जातात. डोकं जड होणं, मान आखडणं, छातीत धडधड, पित्त, तुटक झोप या सगळ्याला ही मुलं एकच शब्द वापरतात: टेन्शन. त्यातलं काही टेन्शन अभ्यासक्रमातून येतं, काही घरच्या परिस्थितीतून, आणि बरंचसं त्या खोलीतून. त्या खोलीतल्या टेन्शनबद्दलच हे पत्र आहे. ते कमी करणं विद्यार्थ्याच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.

सुरुवात हवेपासून करू, कारण तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. तीस फूट बाय वीस फूट, दहा फूट उंचीचा हॉल धरा. त्यात साधारण १७० घनमीटर हवा मावते. बसून वाचणारा एक माणूस तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चाळीस जण बसले, दारं-खिडक्या बंद केल्या आणि एसी लावला, तर बाहेरच्या हवेत दशलक्षात ४२० भाग असलेलं हे प्रमाण पाव तासाच्या आत हजारावर जातं आणि तासाभरात तीन हजारांच्या पुढे. हजाराच्या वर हवा कोंदट वाटू लागते, आणखी वर गेलं की जांभया, डोकेदुखी, एकच ओळ तीनदा वाचणं सुरू होतं. मुलगा समजतो आपल्यालाच झेपत नाही. तो चहाला जातो, बाहेर दहा मिनिटं उभा राहतो, बरं वाटतं, आणि श्रेय चहाला जातं.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. आहे तीच हवा गार करून फिरवतो. ही एक गोष्ट अनेक चालकांना ठाऊक नसते, त्यामुळे ‘फुल एसी’ हीच आरोग्याची सोय मानली जाते. माणशी तासाला सुमारे ३० घनमीटर ताजी हवा लागते. चाळीस जणांसाठी १२००. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘सीएमएच’ असा आकडा असतो, तो म्हणजे तासाला ओढली जाणारी घनमीटर हवा. तुमच्या आसनसंख्येला तीसने गुणा आणि तेवढ्या क्षमतेचा एक पंखा, किंवा मिळून तेवढी क्षमता होईल असे दोन पंखे घ्या.

पंखा लावताना दोन चुका हमखास होतात. पहिली, पंखा उघड्या खिडकीच्या शेजारीच बसवतात. मग तो त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर फेकतो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाची हवा जिथल्या तिथे राहते. पंखा एका भिंतीवर आणि हवा आत यायची जागा समोरच्या भिंतीवर हवी, निदान दोन फूट बाय दीड फूट मोकळी. दुसरी चूक, आत यायला जागाच ठेवत नाहीत. पंखा मग जिथून फट मिळेल तिथून ओढतो, आणि ती फट बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या दाराची असते. पंखा लावल्यावर वास वाढला असेल तर कारण हेच. खात्री करायची तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र काही हजारांत मिळतं, फक्त ते ‘एनडीआयआर’ (इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरचं आहे का ते पाहून घ्या. त्याहून स्वस्त यंत्रं अंदाजाने आकडा दाखवतात. घेतलेलं यंत्र सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावा. विजेच्या बिलाची काळजी असेल तर एसी २६ वर ठेवून छताचे पंखे चालू ठेवा.

हवेचा विषय निघालाच आहे तर दारांचाही काढतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून यूपीएससीची तयारी करणारे तीन विद्यार्थी गेले. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, मुखर्जी नगरला आग लागल्यावर मुलं खिडकीतून दोरीला लोंबकळत उतरली. प्लायवूडच्या केबिन, प्रत्येक केबिनला चार्जिंगचा पॉइंट आणि जिन्याखाली इन्व्हर्टर ही रचना पेठांमध्येही सर्रास आहे. बोटाच्या ठशावर उघडणारं दार वीज गेल्यावर आतून हाताने उघडतं का, हे आज संध्याकाळी मेन स्विच बंद करून बघा. तळघरात आसनं ठेवू नका. दुसऱ्या जिन्यात सायकली आणि जुन्या खुर्च्या असतील तर तो जिना नाहीच असं समजा.

आता केबिनमध्ये जरा वाकून बघा. दोन फूट रुंद, तिन्ही बाजूंनी सनमायका, वर एलईडीची पट्टी. इथे बसलेल्याची नजर दिवसभर दोन फुटांपलीकडे जातच नाही. जवळ बघताना डोळ्याच्या आतला स्नायू आवळलेला असतो, लांब पाहिल्यावर तो सैल पडतो. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघावं असं सांगतात. केबिनमधून वीस फूट दिसणार कुठून? पार्टिशनची उंची बसलेल्याच्या डोळ्यांच्या किंचित खाली आणली, तर मान वर केली की हॉलचं दुसरं टोक दिसतं. ते जमत नसेल तर दर पन्नास मिनिटांनी एक हलकी घंटा आणि दहा मिनिटं गच्ची उघडी. गच्चीला कुलूप लावण्यामागची तुमची भीती आम्ही समजतो. छातीइतका कठडा आणि वर जाळी लावा, पण आकाश बंद करू नका.

वाचायच्या पानावर ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) उजेड हवा. स्वस्त एलईडी पट्ट्या डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात आणि त्याने डोकं दुखतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून पट्टीकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती पट्टी बदला.

टेबल तीस इंची आणि प्लास्टिकची खुर्ची सोळा-सतरा इंची, ही जोडी पाच फूट आठ इंचाच्या मुलाला चालते. पाच फूट एक इंचाच्या मुलीला खांदे उचलून लिहावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत मानेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा दगडासारखा होतो. तपासायचं असं: खांदे सैल सोडून बसवा, कोपर टेबलाच्या पातळीला यायला हवं आणि तळवे जमिनीवर टेकायला हवेत. कोपर खाली राहत असेल तर बुडाखाली दोन-तीन इंचांची गादी आणि पायाखाली तेवढीच फळी. दहा आसनांना मिळून एका सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. त्याच सुताराकडून टेबलाची पुढची धार गोल करून घ्या. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर हाताने लिहायचे आहेत. वस्तुनिष्ठ पद्धतीत गोल काळे करणारा हात एकदम तीन तास लिहू लागला आणि मनगटापुढचा भाग धारदार कडेवर दाबला गेला की बोटांना मुंग्या येतात. मुलांनी सरावही पायरीपायरीने वाढवायला हवा. पहिल्या आठवड्यात एका बैठकीत ४५ मिनिटं, मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं जास्त.

यानंतरचा मुद्दा तुम्हाला पटायला सगळ्यात अवघड जाईल. ‘२४ तास उघडी’ ही पाटी.

राज्यसेवा पूर्व परीक्षेचा पहिला पेपर सकाळी दहा ते बारा आणि दुसरा दुपारी तीन ते पाच असतो. जो मुलगा महिनोन्‌महिने पहाटे तीनला झोपून दहाला उठतो, त्याचं शरीर पेपरच्या वेळी अजून झोपेत असतं. केंद्रावर वेळेआधी पोहोचायचं म्हणून त्या दिवशी तो सहाला उठतो, म्हणजे तीन तासांच्या झोपेवर पेपर देतो. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. झोप अपुरी असली की प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द नजरेतून सुटतो, दोन पर्यायांत अडकल्यावर धीर सुटतो आणि ठोकून दिलं जातं. शिवाय दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. झोप कापून वाचलेल्या दोन तासांची किंमत आधी वाचलेल्या दहा तासांतून वसूल होते.

झोपेची वेळ एका रात्रीत बदलत नाही. रोज पंधरा मिनिटं लवकर, असं सरकवत गेलं तर तीनवरून अकरावर यायला दोन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस लागतात. म्हणून आमची विनंती अशी: पूर्व परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून हॉल रात्री साडेअकराला बंद करा आणि पहाटे साडेपाचला उघडा. तुमच्याकडच्या सराव चाचण्याही दहा ते बारा आणि तीन ते पाच याच वेळात घ्या. वर्षभर सगळ्यांसाठी हॉल बंद ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जण, एक पंखा आणि कुणाचा तरी रात्रभर चालू मोबाईल, अशा खोलीतून पळून मुलं तुमच्याकडे येतात हे आम्हाला माहीत आहे. काही जण दिवसा नोकरी करतात. त्यांच्यासाठी एक कोपरा, पिवळसर उजेडाचा, खुशाल ठेवा. पण टेबलावर डोकं टेकून झोपणारी रांग दिसत असेल तर तो अभ्यास नाही. जागा असल्यास दुपारच्या वीस मिनिटांच्या डुलकीसाठी दोन सतरंज्या टाका. वीस मिनिटंच, गजर लावून. तासभर झोपलं तर उठल्यावर अंग जड होतं आणि रात्रीची झोपही जाते.

कॉफीचं मशिन संध्याकाळी पाचनंतर बंद ठेवा. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे सहाच्या कॉफीतली अर्धी कॉफी रात्री साडेअकराला अजून काम करत असते. जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणं फार आढळतं, आणि त्यातून येणारा थकवा, धाप, धडधड हुबेहूब ‘टेन्शन’सारखी दिसते. मेसच्या दारातच चहाची गाडी असते, तिथे आमचा इलाज नाही. पण पानात लिंबाची फोड देणं तुमच्या हातात आहे. त्याने लोह जास्त शोषलं जातं.

पाण्याबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूकडे बोट गेलं. टाकी दर तीन महिन्यांनी रिकामी करून घासून घ्या आणि तारीख टाकीवर रंगवा. टँकर मागवलात तर क्लोरीनची चाचणी स्वतः करा. थेंब टाकून रंग बघायचा संच स्वस्त असतो. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवं. कूलरचा फिल्टर बदलल्याची तारीखही तिथेच लिहा. आणि ऐंशी आसनांना एक स्वच्छतागृह असेल, त्याची कडी तुटलेली असेल, तर मुली पाणी पिणंच सोडतात. मग डोकेदुखी, मग लघवीची जळजळ, मग ताप, मग आठवडाभर अभ्यास बंद. कडी, दिवा, झाकणाची कचरापेटी, दिवसातून तीनदा सफाई. या सगळ्याला एसीच्या एका दुरुस्तीइतकाही खर्च येत नाही.

मेसच्या काका-काकूंनो, आता तुमच्याकडे येतो. तुमच्या दरात काय बसतं आणि काय नाही, हे आम्ही धरून चाललो आहोत.

साठ किलो वजनाच्या मुलाला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन वेळच्या चपात्या, भात, पातळ आमटी आणि बटाट्याची भाजी मिळून चाळीसच्या आसपास होतात, तीही बहुतेक गहू-तांदळाची. कमतरता फार मोठी नाही, म्हणूनच ती भरणं सोपं आहे. एका वेळी वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ म्हणजे सात-आठ ग्रॅम, वाटीभर दही म्हणजे चार, उकडलेलं अंडं म्हणजे सहा. आमटीत डाळ मुठीने वाढवा आणि पाणी कमी करा, एवढ्यानेही फरक पडतो. खरी अडचण डबा वाटून खाणाऱ्यांची आहे. पैसे वाचवायला एक डबा दोघांत, किंवा दुपारचाच डबा अर्धा ठेवून रात्री. पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारची आमटी रात्रीपर्यंत टिकत नाही, पोट बिघडतं, आणि महिन्याचे वाचलेले पैसे औषधात जातात. अशांसाठी अर्ध्या दरात अर्धं ताजं ताट ठेवता आलं तर बघा, म्हणजे एक डबा दोन वेळा पुरवायची पाळी येणार नाही.

आणि रविवार. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, ही पद्धत मोडा असं आम्ही म्हणत नाही, तुम्हालाही सुट्टी हवी. पण आयोगाच्या बऱ्याच परीक्षा रविवारीच असतात! ज्या दिवशी मुलाला सकाळी सातला पोटभर खायला हवं, त्या दिवशी मेस साडेअकराला उघडते. तो उपाशी जातो किंवा स्टँडजवळ तळलेलं काहीतरी खाऊन जातो. दोन्ही पेपर देऊन थकून परत आला की मेस बंद. वर्षातून असे मोजके रविवार येतात आणि तारखा आयोगाच्या वेळापत्रकात आधीच जाहीर होतात. त्या दिवशी सकाळी साडेसहाला भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे किंवा उपमा, सोबत अंडं किंवा दही द्या. दोन पेपरांमधल्या तीन तासांसाठी दोन चपात्यांची सुक्या भाजीची गुंडाळी आणि एक केळं कागदात बांधून द्या. मिसळ, बिर्याणी, श्रीखंड-पुरी त्या दिवशी नको. पचायला जड जेवणानंतर येणारी सुस्ती नेमकी तीनच्या पेपरला येते. रात्री साधी खिचडी ठेवा.

शेवटी हजेरीचं रजिस्टर. मुलाच्या घरचे बीड, नांदेड, यवतमाळला असतात. खोलीतले सोबती आपापल्या वेळेत येतात-जातात. तो तीन दिवस आला नाही, हे सगळ्यात आधी तुमच्या रजिस्टरला कळतं आणि जेवला नाही हे मेसच्या वहीला. फी थकली का बघायला ती वही रोज उघडली जातेच. त्याच वेळी तीन कोरे रकाने दिसलेल्या नावापुढे खूण करा आणि फोन करा. ‘तीन दिवस दिसला नाहीस, बरा आहेस ना?’ एवढंच विचारा. फीचा विषय त्या फोनमध्ये काढू नका. नोट्स वाटून टाकणं, सगळ्यांचे पैसे एकदम चुकते करणं, ‘आता काही अर्थ नाही’ असं वारंवार म्हणणं, बोलता मुलगा गप्प होणं, या गोष्टी दिसल्या तर एकांतात बसवून सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या एखाद्या माणसाला त्याच्यासमोरच फोन लावा, आणि १४४१६ वर ‘टेलिमानस’ला लावा. ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लगेचचा धोका वाटला तर ११२.

हॉलमध्ये कुणाला अचानक धाप लागली, छाती धडधडू लागली, हातापायाला मुंग्या आल्या, ‘मी मरतोय’ असं वाटू लागलं, तर बहुतेकदा तो घबराटीचा झटका असतो. जोराजोरात श्वास घेतल्याने मुंग्या येतात. गर्दी हटवा, बाहेरच्या हवेत बसवा, एकाच माणसाने शेजारी बसावं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, तुम्ही स्वतः करून दाखवत. तोंडावर पिशवी धरू नका. दहा मिनिटांत कळस होतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटून शुद्ध हरपत असेल, दमा असेल किंवा अर्ध्या तासात उतरत नसेल, तर वाट न पाहता १०८. हे चार-पाच मुद्दे काउंटरमागे चिकटवून ठेवा, कारण त्या क्षणी तिथे बहुतेक तुमचा पार्टटाइम मुलगाच असतो आणि तोही परीक्षार्थीच असतो.

निकालाच्या संध्याकाळी निवड झालेल्यांचा फ्लेक्स लागतो, पेढे येतात, गुलाल उडतो. ते व्हायलाच हवं. फक्त तो फ्लेक्स प्रवेशद्वारावर लावा, आत केबिनसमोर नको. आणि त्या रात्री हॉलमध्ये एक जाणता माणूस उशिरापर्यंत बसवा. ज्यांचं नाव यादीत नाही ती मुलं त्या रात्री खोलीवर जात नाहीत, तुमच्याच जिन्यावर बसतात. त्यांना चहा विचारा, जेवलात का विचारा, आणि पुढच्या महिन्याच्या जागेचं काय हे त्या आठवड्यात विचारू नका.

आपले,
स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसोबत काम करणारे काही डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक